सगुणाबाईंच्या घरची पाळी

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या वर्षीचा आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे प्रभूची वाट पाहण्याचे चार आठवडे, सुरू झाला तेव्हाच मी थकलेली होते. बुलढाण्याला शाळेत शिकवायचं, आणि वर चर्चच्या मंडळीतली हौसेनं अंगावर घेतलेली कामं: देवळाला चुना, मुलांचं नाटक, नाताळाच्या करंज्या. प्रार्थनेला गुडघे टेकले की खोबरं किती लागेल तेच डोक्यात यायचं. इतरांची प्रार्थना मी चालवत होते आणि माझी स्वतःची पार आटली होती. हे कुणाला सांगायचीही लाज वाटे.

आमच्याकडे नाताळापर्यंत रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना होई. पाळ्यांची यादी मीच करायची. त्यातून मी सगुणाबाईंचं घर गाळलं. एकेकाळी दवाखान्यात आया असलेल्या या म्हातारीला आता नीट दिसत नव्हतं, आणि नाक्यापलीकडे एका खोलीत ती एकटी राहायची. तिला उगाच त्रास नको, असं मी पाळकसाहेबांना सांगितलं. खरं तर तिथवर जायचा कंटाळा मलाच होता.

रेशनची साखर पुरणार नव्हती, म्हणून बाजाराच्या दिवशी गूळ आणायला धाड गावाला गेले. परतीची एस.टी. डोळ्यांदेखत निघून गेली. गुळाची ढेप पायाशी टाकून मी उभी राहिले आणि भरबाजारात रडू कोसळलं. भाजी विकायला बसलेल्या एका माळणीनं मला शेजारी बसवलं, पाणी दिलं. एवढी धावपळ कशासाठी, कोण पाहुणा येतोय, असं तिनं विचारलं. आमचा प्रभू येणार आहे, मी म्हणाले. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती म्हणाली, "अन् तुमी अठी बजारात. मंग दार उघडाले घरी कोन हाय?"

तिनंच ओळखीचा एक कापसाचा ट्रक थांबवला आणि मला ड्रायव्हरच्या बायकोशेजारी बसवून दिलं. त्या माळणीचं नावही विचारायचं राहिलं. ट्रक गावात जाणार नव्हता. त्यानं मला नाक्यापलीकडेच उतरवलं, नेमकं सगुणाबाईंच्या घरासमोर.

दार उघडं होतं. जमीन ताजी सारवलेली, वर सतरंजी टाकलेली. चाहूल लागताच सगुणाबाई म्हणाल्या, "आज माह्या घरची पाळी हाय ना, बाई?" यादी त्यांना कुणी वाचून दाखवली नव्हती. आज ना उद्या मंडळी येईल म्हणून आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून त्या रोज चाचपडत सारवत होत्या. मी सांगून टाकलं, की तुमचं नाव मीच गाळलं. त्या सतरंजीवर हात फिरवून म्हणाल्या, "थकून आल्या तुमी. बसा पह्यले."

मी बसले. गाणं नाही, शास्त्रवाचन नाही. बऱ्याच वेळानं आतून एवढंच आलं, ये प्रभू. कितीतरी दिवसांत ती माझी पहिली प्रार्थना होती.

सगुणाबाई आता नाहीत. मी अजूनही डिसेंबरात धावते, दमते, चिडते. स्वभाव काही जात नाही. पण पहिल्या रविवारी संध्याकाळी दार उघडं ठेवून सतरंजी टाकते आणि हातात काही न घेता बसते. त्या माळणीसाठी देवाचे आभार मानते. मी त्याच्यासाठी इतकी धावत होते, आणि तो मात्र त्या सारवलेल्या खोलीत माझीच वाट पाहत बसला होता.