कढीपत्त्यावरचं घरटं

त्या जानेवारीत सिंगापूरला चक्क थंडी पडली होती. पाऊस दिवसदिवस थांबत नव्हता आणि बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये माणसं लिफ्टमध्ये स्वेटर घालून दिसत होती. बायकोला पाचवा महिना होता. आधीचं एक बाळ आम्ही गमावलं होतं, म्हणून डॉक्टरांनी या वेळी पूर्ण विश्रांती सांगितली होती. दिवसभर ती बाहेरच्या उघड्या कॉरिडॉरकडच्या खिडकीशी पडून असायची.

खिडकीबाहेर कुंडीत आमचा कढीपत्ता होता. त्याच्या फांदीला पिवळ्या पोटाच्या शिंजीर पक्ष्यांनी मुठीएवढं घरटं टांगलं होतं. आत दोन पिल्लं. मादी येऊन भरवून गेली की बायको मला ऑफिसात मेसेज करायची. "आली." "गेली." "परत आली." मेसेजला उशीर झाला की भर मीटिंगमध्ये मी फोन पुन्हा पुन्हा उघडून बघायचो. पक्ष्यांच्या काळजीनं नव्हे. घरट्याचं काही बरंवाईट झालं तर हिचं काय होईल, या धास्तीनं.

गुरुवारी वारा फिरला आणि पाऊस कॉरिडॉरमध्ये आडवा घुसू लागला. मी त्या दिवशी घरूनच काम करत होतो. घरटं भिजून जड झालं होतं, हिंदकळत होतं.

"अरे, काहीतरी कर ना!" बायको म्हणाली.

"हात लावला आणि मादी पिल्लांना सोडून गेली तर?"

"मग नुसतं बघत बसायचं?"

एवढ्यात शेजारचे चिनी अंकल बाहेर आले. आमची ओळख मान हलवण्यापुरती. कॉरिडॉरमधल्या कुंडीबद्दल ते तक्रार करणार, असं समजून मी दार उघडलं. त्यांच्या हातात मोठी छत्री आणि सुतळी होती. त्यांनी छत्री कठड्याला आडवी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि खिडकीकडे बघून त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "डोंट वरी लाह. मदर विल कम."

पण ती येईना. एकदा कठड्यावर बसली, छत्री पाहून भुर्रकन गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मी बायकोला म्हटलं, "तू जरा आत जाऊन पड." ती म्हणाली, "मी इथून हलणार नाही." तिचा हात पोटावर होता. माझा लॅपटॉप उघडा होता, पण मी एक ओळही वाचत नव्हतो.

दुपार कलता कलता मादी छत्रीखालून शिरली आणि भरवू लागली. बायकोनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू खाली पडलेलं दिसलं. गार झालं होतं. मी ते टिश्यूत गुंडाळून खाली झाडाशी पुरून आलो आणि काय सांगायचं ते जुळवत आत शिरलो.

"एकच राहिलं ना?" तिनं विचारलं. "तू वाकलास ते पाहिलं मी."

मी मान हलवली. तिनं खिडकीतून घरट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोहे कर. भूक लागलीये."

राहिलेलं पिल्लू पुढच्या आठवड्यात उडालं. आम्ही तेव्हा तपासणीला दवाखान्यात होतो, त्यामुळे ते दिसलं नाही. मे महिन्यात मुलगी झाली, धडधाकट. पण तोवर फोन नुसता थरथरला तरी मी दचकत राहिलो.