खांबच्या सेटमधला दुसरा फॉल्ट

ही गोष्ट माझ्या बायकोला, मंदाला, माहीत नाही. म्हणजे रोह्यात कुणालाच माहीत नाही असं खुशाल धरा — कारण माझ्या खिशात किती सुपारी उरली हेसुद्धा तिला न विचारता कळतं! तरी एवढं एक मी राखलं. कितीदा तोंडाशी आलं आणि गिळलं. आज बसलोच आहे, तर सांगून टाकतो. मध्येच भलतीकडे गेलो तर हाक मारा, परत येईन.

तर मी सुऱ्या, रोह्याचा टीव्ही मेकॅनिक. तेही जुन्या, मागे पोट सुटलेल्या, पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीचा. हसू नका! भिंतीला चिकटणारे आले म्हणून हे काय सगळे भंगारात गेले? अजून एखादे निवृत्त गुरुजी रिक्षात मांडीवर सेट घेऊन येतात आणि दारातूनच बजावतात, "नवा घ्या म्हणायचं नाय हां." मी कशाला म्हणतोय? मेलेला सेट उठतो तेव्हा आधी ती बारीक शीळ, मग काचेवरची सुरसुर, मग चित्र — अहो, इतकी वर्षं झाली, तरी मला टुणकन उडी मारावीशी वाटते. मंदा म्हणते, आमच्या लग्नातसुद्धा मी एवढा खूश दिसत नव्हतो. तिचं काही खोटं नाही.

सेट मेला की बहुतेक वेळा पॉवर सप्लाय गेलेला असतो. आणि त्याचं दुखणं ओळखायला आमच्याकडे लागतो काय, तर शंभर वॅटचा एक साधा बल्ब. टीव्हीला जाणारी वीज आधी या बल्बातून न्यायची. सेट बरा असेल तर बल्ब भपकन पेटतो आणि लगेच मंदावतो. आत शॉर्ट असेल तर ढणढणा पेटून राहतो. पेटलाच नाही तर वाटेत काहीतरी तुटलंय, बहुधा फ्यूज. झालं — निम्मी विद्या तुम्हाला फुकटात दिली.

उरलेली निम्मी हरीकडे होती. हरी म्हणजे पेणचा माझा दोस्त. मूळचा खाडीकडच्या मिठागराच्या गावातला, बापाचं सगळं आयुष्य मीठ ओढण्यात गेलं, आणि हा पोरगा पेणला येऊन टीव्हीचं दुकान टाकून बसला. आम्ही बल्ब पेटला की नाही एवढंच बघायचो. हा तो कसा पेटला ते बघायचा. मान तिरकी करायचा, एक डोळा बारीक करायचा, आणि मागचं झाकण न काढता पार्ट सांगायचा. वर म्हणायचा, "अंदाज हाय आपला." कसला अंदाज! कधी चुकायचा नाही मेला.

आता खांबचं सांगतो. तिथे जायचंच आहे, किती टाळणार?

तेव्हा आम्ही पेण, नागोठणं, रोहा, कोलाडचे मेकॅनिक सुट्टीच्या दिवशी खांब गावाला जमायचो. मोहन म्हणून आमच्यातलाच एक, त्याचं दुकान हायवेला. मागच्या पडवीत चटया, चहा, कांदाभजी आणि मध्ये एक सेट. खेळ असा, की एकानं आधी जाऊन सेटमध्ये फॉल्ट घालून ठेवायचा आणि दुसऱ्यानं तो सगळ्यांसमोर शोधायचा. नियम एकच — एका सेटला एकच फॉल्ट. हा नियम कुणी कधी मोडला नाही, कारण मोडला तर खेळात राहिलं काय? काय मजा यायची हो! कुणी अडला की बाकीचे भजी हातात धरून त्याला असं पिडायचे, की भजी गार व्हायची. बायकाही यायच्या, आणि त्या तर जास्तच पिडायच्या.

जिंकायचा हरी. नेहमी हरीच. एकदा मंदा सगळ्यांदेखत म्हणाली, "हरीभावजी नुसतं बघून सांगतात, आमच्या ह्यांना सेटची आतडी बाहेर काढावी लागतात!" सगळे लोळून हसले. मीही हसलो. पण लागलं. मनात कुठेतरी जाऊन बसलं ते.

पुढच्या वेळी फॉल्ट घालायची पाळी माझी होती, शोधायची हरीची. मी सकाळीच खांबला गेलो. मोहन भज्यांचं बेसन आणायला गेला होता. मी चांगला फ्यूज काढून उडालेला बसवला. इथपर्यंत ठीक. इथेच थांबायचं होतं. पण पिशवीत एक मेलेला पॉवर ट्रान्झिस्टर होता — आणि तो मी चांगल्या ट्रान्झिस्टरच्या जागी सोल्डर केला.

दोन फॉल्ट. कळलं ना काय केलं ते?

मला वाटलं होतं, हरी गोंधळेल, थोडा अडेल, मग मी पुढे होऊन ऐटीत सांगेन. एवढंच. पण झालं काय ते ऐका. बल्ब पेटला नाही. हरी म्हणाला, "फ्यूज." सगळ्यांनी वाहवा केली. त्यानं स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं फ्यूज उचकटला, नवा घातला, बटण दाबलं — आणि बल्ब ढणढणा पेटला. आत शॉर्ट! हरी बल्बाकडे बघत राहिला, मग हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे. फॉल्ट तर एकच असणार, तो सापडलासुद्धा. मग हा दुसरा आला कुठून? दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, सुऱ्यानं लबाडी केली. हरीच्या ते मनातही आलं नाही. तो म्हणाला, "माझाच हात लागला. माझ्या हातून जळला."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. थट्टेत सांगितलं असतं तरी चाललं असतं — एक शिवी, दोन गुद्दे, वर एक प्लेट भजी, संपलं असतं! पण मी काय केलं? मी पुढे झालो, डोळे मिटले, सेटवर हात ठेवला, आणि म्हणालो, "पॉवर ट्रान्झिस्टर उडालाय." उडालाच होता. टाळ्या पडल्या. मंदाचं तोंड तर बघण्यासारखं झालं होतं, नवऱ्याचं काय कौतुक! खोटं कशाला बोलू, त्या टाळ्या मला फार गोड लागल्या.

हरीनं ते मनावर घेतलं. सेट उघडला की त्याचा हात थबकायचा. गिऱ्हाइकाला तोच सांगायचा, "माझ्या हाताचा आता भरवसा नाय, रोह्याला सुऱ्याकडं न्या." माझ्या नावाचा डंका पेणमध्ये वाजवला तो त्यानं. स्वतःच्या तोंडानं. पुढे त्यानं दुकान बंद केलं आणि मेव्हण्याच्या गणपतीच्या कारखान्यात लागला. आधी मूर्ती घासायला, मग रंगाला, आणि आता मूर्तींचे डोळे आखतो. हो, डोळे! ज्याच्या हाताचा भरवसा नाही, तो माणूस देवाचे डोळे रंगवतो, आणि एक रेघ हलत नाही. त्यात तो सुखी आहे, अगदी मनापासून. हे सुख मी माझ्या खात्यात मांडून बघितलंय बरं का, पुष्कळदा. नाही बसत तिथं. ते त्यानं कमावलंय.

आता यंदाचं. गणपती जवळ आलेले, कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि तिथला जुना सेट बंद पडला. कारागीर दिवसभर त्यावर गाणी लावून काम करतात, गाण्यांशिवाय हात चालेनात. हरीचा फोन आला, "सुऱ्या, ये बाबा. गणपती अडलेत." मी एसटीनं पेणला पोचलो. आत पाऊल टाकलं आणि जीव हरखला! छतापर्यंत गणपती, ओला रंग, कारागिरांचा गलका, कुणी चहा आणतंय, कुणी सेटवरची पांढरी भुकटी पुसतंय. हरीनं मला सगळ्यांपुढे उभं केलं. "हा आमचा उस्ताद." आणि मग रंगवून रंगवून खांबची गोष्ट सांगितली, आपला हात कसा लागला, आपण कसे चाट पडलो, आणि सुऱ्यानं डोळे मिटून कसं सांगितलं. पोट धरून हसले सगळे. मी म्हटलं, हरी, आज तूच बघ की. तो दोन्ही हात मागे घेत म्हणाला, "नाय रं बाबा! माझा हात लागला का उडतो."

मी बल्ब जोडला. बल्ब पेटला, तसाच राहिला. शॉर्ट. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागे उभ्या हरीनं मान तिरकी केली. "पुरा पेटत नाय, सुऱ्या. थरथरतोय. अर्धाच शॉर्ट हाय. चार डायोडांतला एक गेला असल." आणि लगेच जीभ चावली. "अंदाज हां आपला. तू बघ."

तो थरथराट मला दिसलाच नव्हता. मी झाकण काढलं, चारही डायोड तपासले. एक गेला होता. तोच, दुसरं काही नाही. मी तो काढला, नवा बसवला. कारागीर वाकून बघत होते. कुणीतरी विचारलं, "काय निघालं, उस्ताद?"

"ट्रान्झिस्टर," मी म्हणालो.

का म्हणालो? कारण नाही देत.

"बघा, बोललो नव्हतो?" हरी खळखळून हसला. "याच्यापुढं आपण काय!" मी बटण दाबलं. शीळ आली, सुरसुर आली, चित्र आलं, आणि त्याबरोबर गाणं. कारखान्यात एकच आरडाओरडा झाला. सगळ्यांत मोठ्यानं हरी ओरडला, त्यानं मला मिठी मारली, माझ्या शर्टाला पिवळा रंग लागला. मी खूश होतो. खरंच सांगतो, फार खूश होतो.

मग हरीनं टाळीसाठी हात पुढे केला. माझ्या उजव्या मुठीत तो काढलेला डायोड होता. मी डाव्या हातानं टाळी दिली.