नाडी की नमस्कार

खुबा मोडलेला पेशंट आला की आमचे हाडांचे डॉक्टर आधी त्याच्या पायाशी वाकत. पावलावर दोन बोटं ठेवून डोळे मिटत. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, हा माणूस पाया पडतोय. म्हाताऱ्या तर हात वर करून मोकळ्या होत, "शंभर वर्सं जग रं लेकरा!" डॉक्टर निमूट आशीर्वाद घेत आणि मला म्हणत, "सिस्टर, लिवा. नाडी लागली."

कोल्हापुरात मी त्यांच्या वॉर्डची नर्स. ही नाडी की नमस्कार, हे कोडं मला कायम छळायचं. विचारलं की हसून म्हणत, "दोनी हाय की."

मग कोरोना आला. अंगावर पांढरं किट, हातात दोन-दोन मोजे. बोटांना काही लागेना, म्हणून पायाची नाडी ऐकवणारं यंत्र आलं. आता हे कशाला वाकतील, असं मला वाटलं.

कोडोलीची एक आजी गोठ्यात घसरून आली. खुबा मोडलेला, वर कोरोना. मुलगाही आजारी, त्यानं फोनवरच होकार दिलेला. पडून राहिली तर आजीची छाती भरेल आणि ती हातची जाईल, ही डॉक्टरांची धास्ती. आजी मात्र कुणाला जवळ येऊ देईना. "ना तोंड, ना डोळं! ही कसली माणसं? पोराला बोलवा माझ्या!"

यंत्र माझ्या हातात राहिलं. डॉक्टर वाकले, पावलावर बोटं ठेवली.

आजीनं मान उचलून पाहिलं. "कुणाचा रं तू?"

"हितल्याच बावड्याचा हाय, आज्जी."

"तोंड दिसंना की."

"दिसत न्हाय त्येच बरं हाय."

आजी चक्क हसली. "कर काय करायचं त्ये. शंभर वर्सं जग."

ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला वॉकर धरून उभं केलं. दुखल्यावर तिनं त्यांना घातलेल्या शिव्या इथं लिहिण्याजोग्या नाहीत. डॉक्टर खूश. "दम हाय छातीत!"

बाहेर आल्यावर मी विचारलंच, "सर, मोज्यांतून नाडी लागली होती?"

"न्हाय," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पुढच्या लाटेत कोरोनानं त्यांनाच नेलं. मला अजून ते खरं वाटत नाही.

सगळं निवळल्यावर आजी वॉकर टेकत तपासणीला आली. बसल्याबसल्या चप्पल काढून पाऊल पुढं केलं. नव्या डॉक्टरांनी त्यावर यंत्र लावलं.

"माझा बावड्याचा कुठाय?"

मी सांगितलं. आशीर्वादासाठी उचललेला हात तिनं मांडीवर ठेवला.

"शंभर दिली हुती की गं त्येला," ती म्हणाली.

यंत्रातून तिची नाडी ठणठणीत ऐकू येत होती.