दांड्याचं विमान

राजस्थानातली ती माझी दुसरी पोस्टिंग. वाळूच्या एका उंचवट्यावर आमची विमानविरोधी तोफ, तिच्याभोवती वाळूच्या गोण्या, मागे बंकर. तोफेवरच्या तुकडीचा, म्हणजे डिटॅचमेंटचा, कमांडर मी, हवालदार. गाव कडा, तालुका आष्टी. माझ्या हाताखाली नायक रखमाजी होता. तो चकलांब्याचा, म्हणजे आमच्याच बीड जिल्ह्यातला. घरी मेंढरं. त्याची ड्यूटी एअर सेन्ट्रीची. गळ्यात दुर्बीण, मान वर, आणि आकाशात काही दिसलं की ओरडायचं.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, तोफेतून गोळा मारणं अवघड. अवघड असतं ते न मारणं. विमान आधी ठिपका असतं, आणि ओळखेपर्यंत ते डोक्यावर आलेलं असतं. आपलं की परकं, एवढंच उत्तर द्यायचं, पण चुकायचं नाही. बंकरच्या भिंतीवर विमानांच्या काळ्या आकृत्यांचे तक्ते होते. सकाळच्या चहानंतर मी पोरांची परीक्षा घ्यायचो. रखमाजी हमखास चुकायचा.

"बे रखमा, हे विमान हाय का घार?"

"उस्ताद, कागदावर ते हालत न्हाई ना. हाललं की सांगतो."

त्या आठवड्यात अलर्ट होता. सर्वांचे मोबाइल मेन कॅम्पात जमा होते. हुकूम होता 'वेपन्स टाइट', म्हणजे विमान शत्रूचं आहे अशी खात्री झाली तरच गोळा सोडायचा. दुपार कलली होती. पश्चिमेला धूळ उडत होती आणि सीमाही त्याच दिशेला होती.

"उस्ताद! सूर्याच्या पोटात! एक. लई खाली."

मी रेडिओवर कंट्रोलला गाठलं. "अल्फा फोर. एक विमान, पश्चिमेकडून, खूप खाली."

"अल्फा फोर, तुमच्या भागात आपलं कोणतंही विमान नाही. ओळख पटवा."

तोफ वळली. गनरचा पाय गोळा सोडायच्या पेडलवर गेला. सूर्य डोळ्यांत होता, मला आकार दिसेना. सीमेकडून येतंय, आपलं नाही असं कंट्रोल सांगतंय, अजून काय खात्री हवी? माझा स्वभाव तापट. 'फायर' हा शब्द दातांपर्यंत आला होता.

"मारू नका! उस्ताद, पाय सोडलेत त्यानं! पाय!"

"काय?"

"चाकं खाली हायेत! बसायला आलेलं पाखरू पाय सोडतं. मारायला आलेलं पोटाशी धरतं!"

"होल्ड फायर!" मी ओरडलो.

विमान आमच्या डोक्यावरून गेलं. राखी अंग, लाल शेपूट, चाकं खाली. आणि नाकातून पुढे आलेला लांब दांडा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. तसलं विमान आमच्या एकाही तक्त्यावर नव्हतं. त्यानं पंख दोनदा इकडं-तिकडं कलवले आणि ते पूर्वेला धुळीत शिरलं. धुळीत वाट चुकलेलं, मोजमापाचा दांडा लावलेलं, चाचणीचं आपलंच विमान असावं, असा माझा अंदाज. चाकं सोडून वैमानिक सांगत होता की मला मारू नका.

संध्याकाळी आमच्या सगळ्या तोफांच्या बॅटरीचे कमांडर, मेजर साहेब आले. मी रिपोर्ट दिला.

"नाकाला दांडा?"

"जी साहेब. पट्ट्यांचा."

"कंट्रोल म्हणतं विमान नव्हतंच. फोटो आहे?"

"साहेब, मोबाइल जमा आहेत."

"मग पतंग असेल," ते म्हणाले आणि हसले. सोबतचे सगळे हसले.

चाचणीच्या विमानाबद्दल बोलायची कंट्रोलला मुभा नसते, हे मला पुढे समजलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या माणसानं आपल्याच वैमानिकाला आपल्याच गोळ्यापासून वाचवलं, त्याच्यावर हसणं मी आजवर विसरलेलो नाही. रखमाजीला शाबासकी मिळावी म्हणून मी शिफारस लिहिली. ती परत आली. बॅटरीभर त्याचं नाव 'दांडेवाला' पडलं. तो सुट्टीवर गेला, गावातही हे सांगून बसला, आणि तिथंही तेच नाव पडलं.

पुढच्या उन्हाळ्यात जागा बदलताना धुळीत आमची तोफ ओढणारी गाडी उलटली. रखमाजी मागच्या बाजूला बसला होता. आम्ही त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. त्याला घेऊन चकलांब्याला मीच आलो.

तेराव्यानंतर त्याचे वडील म्हाळूबाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "हवालदार, एक इचारू? ते दांड्याचं इमान खरं व्हतं का?"

"खरं होतं, बाबा. मी बघितलंय."

"तुमी त्याचे दोस्त. तुमी हेच म्हणणार." मग म्हणाले, "मेलेल्याला तोंडावर कुनी हसत न्हाई. पण मला दांडेवाल्याचा बाप म्हणतेत."

"फोटो आणून दाखवतो," मी म्हणालो.

रिटायर झाल्यावर मी कड्याला जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा टाकला. शून्यातून उभा केला, कुणाच्या शिफारशीवर नाही. पुण्यात एका दुकानदाराशी अर्धा दिवस भांडून लांब लेन्सचा जुना कॅमेरा घेतला. मग विमानतळांच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, डोंगराच्या सोंडेवर उभा राहिलो. पहारेकऱ्यांनी हाकललं. ढग आले, बॅटरी संपली, ऐन वेळी लेन्सवर धुकं धरलं. सामान नेणारी विमानं मिळाली, हेलिकॉप्टरं मिळाली. दांडा नाही. बायको म्हणायची, "तुमचं आभाळाशी काय वैर हाय?"

सीमेवर तणावाचे दिवस होते. गावोगाव लोकांच्या मोबाइलवर हेरांच्या गोष्टी फिरत होत्या. मी चकलांब्याच्या अलीकडे अंकुशराव नावाच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बघायला गेलो होतो. इंजिन सुरू होतं, आणि मी त्याच्या ट्रॅक्टरला नावं ठेवत होतो, जरा जास्तच. तेवढ्यात इंजिनाच्या आवाजाआडून आभाळातला दुसरा आवाज आला.

"इंजिन बंद कर!"

"मेजर, भाव पाडायची ही नवी तऱ्हा का?" आमच्याकडे फौजेतल्या कुणालाही मेजर म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही.

"बंद कर बे!"

जीपकडे पळालो. कॅमेरा काढला. लिंबाच्या झाडावरून ते आलं. राखी अंग, लाल शेपूट. बटण दाबून धरलं. मग ते बालाघाटाकडे गेलं. स्क्रीनवर पाहिलं, तर एकामागून एक फोटोत लिंबाची फांदी. एकाच फोटोत अख्खं विमान होतं, नाकाच्या दांड्यासकट. तेच की तसलंच दुसरं, हे शपथेवर सांगणार नाही.

मान वर केली तर अंकुशराव फोनवर होता. "होय, इमानाचे फोटो काढतोय. लई मोठा कॅमेरा हाय."

पोलिसांची जीप येईपर्यंत माणसं गोळा झाली होती. कुणी माझी कॉलर धरली. "कुनाला पाठवतो रे?" दुसरा म्हणाला, "फोडा त्येचा कॅमेरा!" कॅमेरा मी पोटाशी धरला. जमादार उतरले. मी माजी सैनिकाचं ओळखपत्र दाखवलं.

"आजकाल हे बी बनवून मिळतंय," जमादार म्हणाले. "कॅमेऱ्यातलं कार्ड काढा. जप्त करावं लागतंय."

माझा हात उठत होता. तो मी खिशात घातला. कार्ड गेलं की म्हाळूबाबांना ते विमान कधीच दिसणार नव्हतं. त्यांचं वय झालं होतं आणि माझं नशीब मला माहीत होतं.

सौद्यात आधी आभाळ मागावं आणि वावरावर यावं, हा माझा नेम.

"एक प्रिंट काढू द्या. मग कार्ड तुमचं."

"न्हाई."

"मोबाइलमध्ये घेऊ द्या."

"मेजर, येडं समजता का?"

"मग माझ्या हातानं पुसतो, तुमच्यासमोर. मी फौजी आहे. असा फोटो फिरू नये हे मलाही कळतं. पण आधी एका माणसाला दाखवू द्या. इथंच, चकलांब्यात."

"कुनाला?"

"म्हाळूबाबांना."

जमादारांनी कार्डासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. "दांडेवाल्याच्या बापाला?"

"होय."

त्यांनी कॅमेरा घेतला, टोपीच्या सावलीत धरला, बराच वेळ बघितलं. "मायला," ते हळूच म्हणाले, "दांडा हाय की." मग गर्दीकडे वळून ओरडले, "चला, व्हा बाजूला!"

म्हाळूबाबा माळावर मेंढरांत होते. उन्हात स्क्रीनवर काही दिसेना. त्यांनी खांद्यावरची घोंगडी आम्हा दोघांच्या डोक्यावर ओढली. जमादारांनीही वाकून आत मुंडकं घातलं. लोकरीच्या वासात आम्ही तिघं त्या इवल्या उजेडाकडे बघत होतो. बाबांनी दांड्यावर बोट ठेवलं.

"पाय कुठं हायेत?"

"आज वर घेतलेत, बाबा. त्या दिवशी सोडले होते."

 त्यांनी दांड्यावरचं बोट हळूच चाकांच्या जागी नेलं. मग घोंगडी बाजूला करून त्यांनी जमादारांना विचारलं, "तुमी बघितलं?"

"बघितलं."

"मग पारावर सांगा. माझं सांगणं बापाचं हाय. तुमचं सरकारी हाय."

मी फोटो पुसला. जमादारांनी खात्री केली, तरी कार्ड त्यांनी ठेवून घेतलं. मी भांडलो नाही.

गावात पारावर पत्ते चालले होते. जमादार जीपमधून उतरले. "रखमानं सांगितलेलं इमान खरं हाय. मी डोळ्यानं बघितलंय. आता कुनी दांडेवाला म्हटलं तर आधी माझ्याकडं यायचं."  एकानं हातातले पत्ते खाली ठेवले.

मेजर साहेब कुठे आहेत मला माहीत नाही. भेटले तर त्यांना दाखवायला आजही माझ्याकडे फोटो नाही. पण साक्षीदार आहेत.

त्या दुपारी राजस्थानात विमानात कोण होतं, तेही मला कळलेलं नाही. तो उतरला असेल, जेवला असेल, घरी गेला असेल. खाली वाळूत कुणी त्याची चाकं वेळेवर पाहिली, हे त्याला कुणी सांगितलं नसेल. म्हणून मी सांगतो. नायक रखमाजी, एअर सेन्ट्री, गाव चकलांबा.

वर आवाज आला की मी अजून मान वर करतो. आधी पाय बघतो.