आसा आणि आसतला

तोंडवलीच्या किनाऱ्यावर मुस्तफाभाईंच्या शब्दाला वजन. मच्छीमारांची बैठक असो की लग्नाची बोलणी, शेवटचा शब्द त्यांचा. पण लेक नाझमीन कॉलेजात काय शिकते असं कुणी विचारलं, की या गड्याची बोलती बंद. 'बीए करता,' एवढं पुटपुटायचे आणि विषय मासळीवर न्यायचे. तिनं सावंतवाडीला राहून तत्त्वज्ञान घेतलंय, हे सांगायची त्यांना चक्क लाज वाटे.

एका शनिवारी त्यांचं नवंकोरं जाळं फाटून हाती आलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. पर्यटकांना फिरवणाऱ्या पास्कलची होडी आदल्या दिवशी त्याच बाजूला दिसली होती, मग आणखी काय हवं? पास्कलला यापुढे किनाऱ्यावर होडी लावू द्यायची नाही, हे ठरवायला त्यांनी संध्याकाळी बैठक बोलावली. पास्कल चाळीस वर्षांचा दोस्त. ईदचा शिरखुर्मा त्याच्या घरी, नाताळच्या नेवऱ्या यांच्या घरी. रागात तेही विसरले.

"पास्कलाच्या होडयेनाच फाडला आसतला," दुपारी जेवताना ते म्हणाले.

सुट्टीला घरी आलेल्या नाझमीननं ताटातून मान वर केली. "अब्बा, फाडला आसा, काय फाडला आसतला?"

पोरीच्या आवाजात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. 'आसा' म्हणजे 'आहे', ठाऊक असलेलं; 'आसतला' म्हणजे 'असेल', आपण धरून चाललेलं. आणि तेवढ्यावर मुस्तफाभाई एका माणसाच्या पोटावर पाय द्यायला निघाले होते. कॉलेजात हेच शिकवतात काय, असं त्यांनी चिडूनच विचारलं. हेच, ती म्हणाली, आणि आधी स्वतःला विचारायला शिकवतात.

ते तणतणत उठले आणि जाळं पसरून बसले. फाटलेल्या कडांत खडकाला चिकटून वाढणाऱ्या कालवांच्या शिंपल्यांचे तुकडे अडकले होते. म्हणजे जाळं वाहत जाऊन खडकावर घासलं होतं. जाळं जागेवर धरणाऱ्या नांगराच्या दोरीची गाठ सुटली होती, आणि ती गाठ घाईघाईत त्यांनीच मारली होती.

बैठकीत पास्कल मान खाली घालून बसला होता. मुस्तफाभाईंनी उभं राहून गाठीची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली आणि त्याची माफी मागितली. पास्कलनं उठून त्यांचा हात हातात घेतला. हे सुचलं कसं, असं मच्छीमारांतल्या दत्तप्रसादनं विचारलं.

"माझा चेडू तत्त्वज्ञान शिकता," ते मान ताठ करून म्हणाले.

त्याचा पुढे उपयोग काय, दत्तप्रसादनं पुन्हा विचारलं. मोठी नोकरी मिळेल, असं म्हणता म्हणता मुस्तफाभाईंनी जीभ चावली.

"पुढे काय मिळतला, ता माका म्हायत नाय. पण माझो दोस्त माका परत मिळालो, ह्या आसा."