भिंतीजवळचे तीन ठिपके

हेल्मी राउतिओने आधी तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, मग भौतिकशास्त्राची. सडबरी या खाणींच्या गावात याचं लोकांना हसू येई. तिचे वडील निकेलच्या भट्टीवर होते. ते म्हणत, "आमची पोरगी आधी शंका काढायला शिकली, मग हिशेब करायला. आता दोन्हीकडून डोकं खाते."

चार वर्षांपूर्वी मी तिला भेटले. मी साहित्य शिकलेली. प्रयोगशाळेची माहितीपत्रकं लिहायला मला घेतलं होतं. प्रयोगशाळा जुन्या खाणीत, दोन किलोमीटर खाली. खाणकामगारांबरोबर लिफ्टने उतरायचं, चिखल तुडवत जायचं, मग अंघोळ करून सगळे कपडे बदलायचे आणि आत शिरायचं. धूळ आत गेली की बोंब. पहिल्या दिवशी, केस ओलेच असताना, मी हेल्मीला विचारलं, "नक्की शोधताय काय?"

"विश्वातलं बरंचसं द्रव्य दिसत नाही. त्याचा एखादा कण आमच्या टाकीत येऊन धडकतो का, ते बघतोय. धडकला तर बारीकसा उजेड पडेल."

"आणि धडकलाच नाही तर?"

"जेवायला काय आणलंयस?" ती म्हणाली. "माझ्याकडे पिएरोगी आहेत, बटाटा भरलेल्या. बस इथे. हे लांबेल."

ते लांबलंच. माझी मैत्रीण माझ्या आईच्या वयाची आहे, हे मी तेव्हापासून विसरले.

गटाचे प्रमुख ओव्हिला त्रेपानिए. पांढऱ्या मिशा, मोठा आवाज. हेल्मीला त्यांनीच गटात घेतलं आणि तिची थट्टाही सर्वांत जास्त तेच करत. "तत्त्वज्ञ म्हणजे सावनाच्या वाफेत बसून राहिलेला माणूस," ते म्हणत. "घाम भरपूर. पोचला कुठेच नाही."

"तुम्ही धावत बाहेर पडता," हेल्मी म्हणे, "आणि टॉवेल आतच राहतो."

मंगळवारच्या बैठकीत ती नेहमी एकच विचारी: काय दिसलं तर आपण चुकलो असं म्हणायचं? तिने हात वर केला की पोरं मुद्दाम आपलेही हात वर करत. ती हसे आणि तरीही विचारी.

या लोकांची एक रीत आहे. टाकीत उजेड पुष्कळदा पडतो, पण बहुतेक वेळा साध्या किरणोत्सर्गाने. खरा कण आला तर त्याचा ठिपका आलेखाच्या एका ठरावीक भागात पडेल. तो भाग झाकून ठेवतात. त्याला ते पेटी म्हणतात. कुठला ठिपका धरायचा, कुठला टाकायचा, हे सगळे नियम पेटी बंद असताना ठरवायचे. मग एके दिवशी सगळ्यांसमोर ती उघडायची. जे निघेल ते छापायचं. नंतर नियमाला हात लावायचा नाही.

"माणसाला जे हवं असतं ते त्याला दिसतं," हेल्मीने मला समजावलं होतं. "म्हणून आम्ही आधीच आपले डोळे बांधतो. शेकडो वर्षं तत्त्वज्ञ ज्यावर भांडले, त्याची आम्ही कामाची पद्धत केली. ओव्हिलांना हे सांगू नकोस. ते म्हणतील हे भौतिकशास्त्रच आहे."

सर्वांत जास्त वाद हद्दीवरून झाला होता. टाकीच्या भिंतीला चिकटलेल्या धुळीमुळे तिथे खोटे उजेड पडतात. म्हणून भिंतीजवळचे ठिपके टाकून देतात. पण किती जवळचे? बरेच जण बारा सेंटिमीटर म्हणत होते. हेल्मीने आठ सुचवले. कारणं दिली. सगळ्यांना पटली.

फेब्रुवारीत पेटी उघडायची ठरली. ओव्हिला उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. टाकी रिकामीही करून झाली होती, म्हणजे पुन्हा मोजायची सोय नव्हती. हेल्मी तेरा वर्षं कंत्राटावर होती. विद्यापीठात एक कायमची जागा निघाली होती. काही सापडलं तर ती तिचीच, असं सगळेच बोलत. ती बोलत नव्हती. पण त्या महिन्यात तिने घराचं छप्पर दुरुस्त करायला माणूस बघितला होता.

वरच्या इमारतीतल्या सभागृहात सकाळी सगळे जमले. पडद्यावर टाकीचं चित्र. एका मुलीने कळ दाबली. पाच ठिपके उमटले. साध्या किरणोत्सर्गाने फार तर दोन अपेक्षित होते. दोन मधोमध होते. तीन भिंतीजवळ, वाकलेल्या चमच्यासारख्या ओळीत.

 मग एकच आरडाओरडा झाला. ओव्हिलांनी मला मिठी मारली. "लिही, कवयित्री, लिही!"

मी हेल्मीकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. चेहरा असा, जणू ओळखीचं कोणीतरी भलत्या ठिकाणी भेटलंय.

ती बाहेर गेली. मी तिचा कोट घेऊन मागे धावले. गाड्यांच्या तळावर बर्फ कडक झालं होतं.

"ते तीन मी आधी पाहिलेत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मागच्या वर्षी. यंत्राची तपासणी करत होते. संगणकाची नवी प्रणाली पेटी झाकायला विसरली होती. मला वाटलं, आपण चाचणीसाठी पाडलेलेच उजेड आहेत. बंद केलं, दुरुस्त केलं, विसरले. त्यानंतरच्या मंगळवारी मी आठ सेंटिमीटर सुचवले."

मला समजायला वेळ लागला. बारा सेंटिमीटरची हद्द असती, तर ते तिन्ही ठिपके बाहेर गेले असते. दोन उरले असते. म्हणजे काहीच सापडलं नसतं.

"पण तुला माहीतच नव्हतं ते काय आहेत," मी म्हणाले. "आणि तू कारणं दिली होतीस. चांगली कारणं."

"फार चांगली. अजूनही पटतात मला."

"मग?"

"ती आधी सुचली की नंतर, ते मला माहीत नाही. आणि हे शोधायला मी सर्वांत नालायक माणूस आहे. माझ्या मनाची साक्ष घ्यायची, तर साक्षीदारही मीच आणि आरोपीही मीच."

"हेल्मी, कोणालाही कळणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "अगं, मलाच कळत नाहीये. तीच तर अडचण आहे."

तिने माझ्या हातून कोट घेतला, घातला आणि आत गेली. मी दारात उभी राहिले. तिने टेबलावर टकटक करून सगळ्यांना गप्प केलं. मला सांगितलं तेच सांगितलं, त्याच शब्दांत. आवाज चढला नाही, रडली नाही, माफीही मागितली नाही. तिने एक पुरावा मांडला. तो तिच्याच विरुद्ध होता.

ओव्हिला उठले. "तुझं ते तत्त्वज्ञान," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी गंमत म्हणून ऐकून घेतलं." आणि टोपी न घेता निघून गेले.

शोधनिबंध दोन्ही हद्दी देऊन छापला गेला. आमच्यापैकी एकीने आधी पाहिलं होतं, हेही त्यात आहे. शेवटी निष्कर्ष असा, की काही सापडल्याचा दावा करता येत नाही. कायमची जागा दुसऱ्या शहरातल्या माणसाला मिळाली. हेल्मी आता कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित शिकवते. छपराखाली बादली ठेवलेली आहे.

मी कादंबऱ्या वाचून मोठी झाले. त्यांत सत्य बोलणारा माणूस निदान काय खरं आहे ते जाणत असतो. हेल्मीला तेही माहीत नव्हतं. माहीत असलेल्या सत्यासाठी नव्हे, न कळणाऱ्या गोष्टीसाठी तिने हातचं सोडलं. मी अजून त्यातून सावरलेले नाही.

मे महिन्यात एका शनिवारी ओव्हिला तिच्याकडे आले. फेब्रुवारीतल्या त्या सकाळनंतर ते पहिल्यांदाच येत होते. आम्ही दोघी सावनातून निघून पायरीवर गार होत बसलो होतो. ते पाव घेऊन आले होते, वेलदोड्याचा, तिला आवडतो तसा. तो त्यांनी तिच्या मांडीवर टाकला.

"एक सांग," ते म्हणाले. "तू पाहिलं नसतंस, तर किती म्हणाली असतीस? आठ की बारा?"

"ते आता कोणालाच कळणार नाही."

"म्हणजे ते तीन खरेही असतील."

"असतील."

ओव्हिला म्हणाले, "आणि मी तीन महिने तुला शिव्या घालतोय, की तू ते मारून टाकलेस."

"घाला की. फ्रेंचमध्ये घालता, मला अर्ध्याच समजतात."

ते मोठ्याने हसले. मग पायरीवर बसले आणि काडीने मातीत एक मोठा गोल काढला. "मोठी टाकी हवी. याच्या चौपट. भिंत लांब गेली पाहिजे." आत दुसरा गोल काढायला त्यांनी काडी टेकवली. "आणि हद्द इथे..."

हेल्मीने त्यांचा हात धरला.

"ती आपण नाही काढायची. तुम्ही नाही, मी नाही. आपण पाहिलंय."

"मग काढणार कोण?"

"असेल कोणीतरी. सध्या शाळेत."

ओव्हिलांनी काडी खाली ठेवली. ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी मातीतल्या गोलाकडे पाहिलं, मान हलवली आणि पावाचा तुकडा मागितला.