मागे उभा राहणारा ओनोदेरा

इंग्लंडात लेस्टरच्या हॉस्पिटलात सबनीस डॉक्टरांनी जन्मभर भूल दिली. पेशंट आभार मानायचे ते सर्जनचे. रिटायर झाल्यावर त्यांना ओनोदेरा सापडला. जपानी सिनेमातला म्हातारा नट, कधी सासरा, कधी दुकानदार. तो नुसता चहाचा कप पुढे सरकवायचा आणि डॉक्टरांना गलबलून यायचं.

तो गेल्याचं कळलं, तसे तिथल्या मराठी मंडळात श्रद्धांजली व्हावी म्हणून ते हटूनच बसले.

"अहो डॉक्टर, तुमचा कोण लागतो तो?" चिटणीस वृंदाताई हसल्या. तरी सिनेमातला फोटो त्यांनी छापून आणला. पण ओनोदेरा त्यात मागे, पुसट होता. ताईंनी पुढच्या देखण्या हिरोचाच चेहरा मोठा करून त्याला हार घातला होता.

"किती तरुण गेला हो!" कुणीतरी हळहळलं. सगळे उभे राहिले.

डॉक्टरांनीही त्या जिवंत हिरोपुढे मान खाली घातली.